सावकाश मोर्स, लाँगवेव्हवर: गोंगाटातून रेघ कशी काढायची

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं मोटर भरायचं दुकान आहे. दिवसा जळालेले शेतीपंप खोलायचे, काळी पडलेली तार ओढून काढायची, नवी भरायची; रात्री जेवण झालं की टेरेसवर रेडिओ. माझा हौशी रेडिओचा परवाना आहे, माझी कॉल साइन, म्हणजे हवेतलं नाव, व्हीयू३ ने सुरू होते. दुकानात येणारी कॉलेजची पोरं विचारतात, "काका, लाँगवेव्हवरचा सावकाश मोर्स ऐकायचा म्हणजे मैदानभर अँटेना लागत असेल ना?" लागत नाही. लाँगवेव्ह म्हणजे मध्यमलहरीच्याही खालच्या वारंवारतेच्या लांब लहरी, आणि मोर्स म्हणजे टिंब-रेघांची भाषा. ऐकायला तार गुंडाळलेली एक मीटरची चौकट, म्हणजे लूप, पुरते. खरं काम आहे ते घरातला विजेचा गोंगाट कमी करायचं, आणि हा लेख मुख्यतः त्यासाठीच लिहितोय.

आधी थोडं गणित. मिनिटाला १२ शब्दांच्या नेहमीच्या मोर्समध्ये टिंब ०.१ सेकंदाचं असतं. सावकाश मोर्समध्ये, ज्याला हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाली मंडळी, क्यूआरएसएस म्हणतात, टिंब ३, १०, ३० किंवा ६० सेकंदांचं असतं आणि रेघ त्याच्या तिप्पट. नावापुढचा आकडा म्हणजे टिंबाचे सेकंद. नुसतं 'व्हीयू३' एवढं पाठवायला अक्षरांमधली अंतरं धरून ३५ टिंबांइतका वेळ जातो. क्यूआरएसएस-३ मध्ये १०५ सेकंद, क्यूआरएसएस-१० मध्ये ५ मिनिटं ५० सेकंद, क्यूआरएसएस-३० मध्ये साडेसतरा मिनिटं. हे कानाला कळत नाही. कॉम्प्युटरवर वॉटरफॉल, म्हणजे वेळेबरोबर सरकत वारंवारता दाखवणारा पडदा, लावायचा आणि हळूहळू उमटणारी टिंबं-रेघा डोळ्यांनी वाचायच्या.

एवढा वेळ घालवून मिळतं काय? टिंब ३ सेकंदांचं असलं की ते ओळखायला साधारण एक तृतीयांश हर्ट्झ रुंदीचा पट्टा पुरतो. रेडिओतला नेहमीचा मोर्स फिल्टर ५०० हर्ट्झचा असतो. पट्टा १५०० पट अरुंद झाला म्हणजे आत येणारी खरखरही १५०० पट कमी, सुमारे ३२ डेसिबल. ३० सेकंदांच्या टिंबाला हाच फरक १५,००० पट, सुमारे ४२ डेसिबल. आपला कान स्वतःही बरीच खरखर गाळतो, म्हणून प्रत्यक्ष फायदा यापेक्षा कमी असतो. तरीही जो सिग्नल कानाला अजिबात लागत नाही तो पडद्यावर स्वच्छ रेघ म्हणून दिसतो. लाँगवेव्हवर हे लागतंच, कारण १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ हा हौशी पट्टा (यालाच पुढे नुसतं १३६ म्हटलंय) २००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेत मिळाला तो १ वॉट प्रभावी शक्तीच्या मर्यादेसह. ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झचा पट्टा पुढे २०१२ च्या परिषदेत मिळाला.

आधी घर शांत करा

लाँगवेव्हचा शत्रू अंतर नाही, आपल्याच भिंतीवरचे सॉकेट आहेत. एलईडी बल्बांतले ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, सेट-टॉप बॉक्सचे अडॅप्टर, सगळे दहा-वीस ते दीडशे किलोहर्ट्झच्या आसपास स्विचिंग करतात, म्हणजे नेमके आपल्याला हव्या त्या जागेवर बसतात. इंडक्शनची शेगडी वीस-चाळीस किलोहर्ट्झवर चालते. कारखान्यातल्या मोटरचा वेग बदलणारे व्हीएफडी तर शंभर मीटरवरूनही त्रास देतात. म्हणून मी उद्यमनगरात ऐकत नाही, घरी पेठेतल्या टेरेसवर ऐकतो, आणि तेही रात्री अकरानंतर.

पद्धत अशी. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, चार्जर काढून ठेवा, कारण बहुतेक घरांत पहिला गुन्हेगार तोच निघतो. लूप लावून वॉटरफॉल चालू करा. मग घरातले एमसीबी एकेक करून पाडा आणि दर वेळी अर्धा मिनिट पडद्याकडे बघा. ज्या एमसीबीला पट्टे नाहीसे होतात, त्या लाइनवरची उपकरणं एकेक काढून बघा. बल्ब असेल तर बदला. दोन कंपन्यांच्या सारख्याच वॅटच्या बल्बांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि महाग तो शांत असंही नसतं. दुकानदाराला सांगून आणा आणि त्रास दिला तर परत करा. अडॅप्टर बदलता येत नसेल तर त्याची वायर फेराइटच्या मोठ्या रिंगवर दहा-पंधरा फेरे गुंडाळा. एक-दोन फेऱ्यांनी लाँगवेव्हवर काही होत नाही. भंगारातल्या एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या) इनपुटला जे कॉमन मोड चोक, म्हणजे गोंगाट अडवणारी कॉइल, असतं, त्याची रिंग या कामाला फार चांगली.

पडद्यावरच्या रेघांमध्ये विजेच्या लाइनची रेघ कोणती आणि स्टेशनची कोणती, हे ओळखायची एक खात्रीची खूण आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, पण ती अगदी ५० वर कधीच थांबत नाही, ०.०२ हर्ट्झने मागेपुढे होतच असते. १८.२ किलोहर्ट्झजवळ दिसणारी रेघ हा त्या ५० चा ३६४ वा गुणक असतो, म्हणून तिथं तोच ०.०२ चा फरक सात हर्ट्झहून मोठा होऊन दिसतो. म्हणजे विजेची रेघ सापासारखी वळवळते. स्टेशनची रेघ सरळ असते. स्विचिंग अडॅप्टरची रेघ तापमानाबरोबर एकाच दिशेने सरकत जाते, संध्याकाळी वर आणि पहाटे खाली किंवा उलट. हे तीन प्रकार एकदा डोळ्यांत बसले की अर्धं काम झालं.

शेजाऱ्यांशी गोड बोलावं लागतं. आमच्या बोळात समोरच्या काकूंच्या जिन्यातला बल्ब १३७ किलोहर्ट्झवर बसायचा. मी जाऊन म्हणालो, "काकू, तुमच्या जिन्यातला बल्ब मी नवीन आणून देतो, हा काढू का?" त्या म्हणाल्या, "घेऊन जा की बाबा, आणि वर चढून तूच लाव." एवढंच. आणि लाइट गेली की सगळं सोडून टेरेसवर पळा. पूर्ण गल्ली अंधारात असते तेव्हाची शांतता पैसे देऊन मिळत नाही, फक्त कोणाचा इन्व्हर्टर ओरडत नाही ना ते बघा.

लूप

एक मीटर बाजूची चौकोनी चौकट करा. लाकडी फुली करून टोकांना खाचा पाडल्या की झालं. पीव्हीसी पाइपही चालतो. लोखंडी किंवा अॅल्युमिनियमची बंद चौकट नको. मोटर भरणाऱ्याला सांगायला नको की शॉर्ट झालेला एक फेरा सगळं वाइंडिंग खातो. बंद धातूची चौकट म्हणजे तोच फेरा.

त्यावर २० फेरे, दोन फेऱ्यांत ५ मिलिमीटर अंतर. तार सुमारे ८० मीटर लागते. इनॅमलची तार टेरेसवर एका पावसाळ्यात खराब होते. त्यापेक्षा पाण्यातल्या मोटरला भरतात ती प्लास्टिकच्या आवरणाची तार घ्या, आत तांबं ०.७ मिलिमीटरच्या आसपास असलेली. ती पाण्यात बुडून चालायलाच बनवलेली असते. रिवायंडिंगच्या कुठल्याही दुकानात वजनावर मिळते. उरलेल्या तुकड्यांतून काम भागवू नका, मधे जोड नको.

या लूपचं इंडक्टन्स सुमारे ०.९६ मिलिहेन्री येतं. १३७ किलोहर्ट्झला ट्यून करायला साधारण १४०० पिकोफॅरॅड लागतात. त्यातले पन्नास-शंभर तारेच्या स्वतःच्या कपॅसिटीत जातात. १००० चा एक पक्का कपॅसिटर आणि समांतर जुन्या व्हॉल्व्ह रेडिओचा गँग कंडेन्सर (स्टेशन लावायला फिरवायचा तो) लावा, त्याचे दोन्ही भाग समांतर जोडून. लक्ष्मीपुरीच्या जुन्या बाजारात एखादा मिळून जातो. मुख्य वाइंडिंगपासून पाच सेंटिमीटर आत एकाच फेऱ्याची वेगळी लिंक, म्हणजे सिग्नल बाहेर काढणारी कॉइल, घ्या आणि तिथून कोएक्स केबलने रिसीव्हरकडे जा. लूपचा आणखी एक फायदा असा की ती दिशा दाखवते. लूपची कड स्टेशनकडे असली की सिग्नल सर्वांत जास्त, चौकटीचं तोंड त्याच्याकडे केलं की जवळजवळ शून्य. म्हणून स्टेशन पकडायला फिरवू नका, गोंगाट मारायला फिरवा. शेजारच्या ट्रान्सफॉर्मरकडे तोंड करून ठेवली की पडदा कसा साफ होतो ते स्वतः बघा.

पहिलं स्टेशन रिसीव्हरशिवाय

सुरुवात १३६ वर करू नका. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ विजयनारायणम इथं आपल्या नौदलाचं पाणबुड्यांसाठीचं व्हीएलएफ (अतिशय कमी वारंवारतेचं) केंद्र आहे, आयएनएस कट्टबोम्मन. त्याचा १८.२ किलोहर्ट्झचा सिग्नल जगभरचे निरीक्षक व्हीटीएक्स या नावाने ओळखतात. कोल्हापूरपासून ते सुमारे हजार किलोमीटर, दक्षिणेला थोडं आग्नेयेकडे. ही वारंवारता लॅपटॉपच्या साउंड कार्डातच पकडता येते, कारण सेकंदाला ४८ हजार नमुने घेतले (४८ किलोहर्ट्झ सॅम्पलिंग) की २४ किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं दिसतं. रिसीव्हर लागतच नाही.

त्याच लूपवर गँग कंडेन्सर काढून ०.०४७ आणि ०.०३३ मायक्रोफॅरॅडचे पॉलिस्टर कपॅसिटर समांतर जोडा. लिंक मात्र इथं चार फेऱ्यांची करा, एका फेऱ्यात सिग्नल फार बारीक येतो. लिंक आणि माइकच्या पिनमध्ये ६०० ओहमचा छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर आणि एक मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर टाका. माइकच्या पिनवर डीसी व्होल्टेज असतं, ते ट्रान्सफॉर्मरमधून वाहू द्यायचं नाही. विंडोजमधल्या माइकच्या सगळ्या 'सुधारणा' बंद करा, त्या आपल्या रेघा गोंगाट समजून पुसून टाकतात. स्पेक्ट्रम लॅब हे फुकट सॉफ्टवेअर लावा. १८.२ वर शे-दोनशे हर्ट्झ रुंदीचा पट्टा दिसला की तुमचा लूप, केबल, साउंड कार्ड सगळं चालतंय.

हा पट्टा दिवसभर मोजत राहिलं तर सूर्यावरच्या स्फोटाच्या वेळी त्याची पातळी अचानक बदलते, कारण क्ष-किरणांनी आयनावरणाचा, म्हणजे वातावरणातल्या विद्युतभारित भागाचा, सर्वांत खालचा डी थर दाट होतो. आपल्या गावातच, शिवाजी विद्यापीठाच्या आवारातल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या केंद्रात १.९८ मेगाहर्ट्झचं रडार याच उंचीवरचे, ८० ते १०० किलोमीटरवरचे वारे मोजत आलेलं आहे. आपण टेरेसवरून त्याच थराकडे वेगळ्या बाजूने बघतोय, याचा मला फार आनंद वाटतो.

आणि २४ डिसेंबरला एक प्रयत्न कराच. स्वीडनमधल्या ग्रिमेटनचं १९२४ चं फिरत्या आल्टरनेटरवर चालणारं प्रेषण यंत्र त्या दिवशी १७.२ किलोहर्ट्झवर मोर्समध्ये संदेश देतं. त्यात व्हॉल्व्ह नाही, ट्रान्झिस्टर नाही. मोटर फिरवते आणि जनित्र थेट रेडिओ लहर बनवतं. मोटर भरणाऱ्या माणसाला यापेक्षा सुंदर यंत्र माहीत नाही. संदेशाची वेळ आपल्याकडे भर दुपारी येते, त्यामुळे कोल्हापुरात पकडणं अवघड आहे. वरच्या दोन कपॅसिटरना आणखी ०.००८२ जोडला की लूप तिथं ट्यून होतो.

आता १३६

इथं रिसीव्हर हवा. स्वस्त एसडीआर डोंगल (कॉम्प्युटरला जोडायचे सॉफ्टवेअर रिसीव्हर) लाँगवेव्हवर थेट पोचत नाहीत, म्हणून लोक सिग्नल वर सरकवणारा १२५ मेगाहर्ट्झचा अपकन्व्हर्टर लावतात. सावकाश मोर्ससाठी माझं मत त्याच्या विरोधात आहे. १३७ किलोहर्ट्झवर दशलक्षात एकचा फरक म्हणजे ०.१४ हर्ट्झ, १२५ मेगाहर्ट्झच्या ऑसिलेटरवर तोच फरक म्हणजे १२५ हर्ट्झ. थंडीत टेरेसवर अपकन्व्हर्टरचा डबा गार झाला की रेघ पडद्याबाहेर जाते. थेट खालपर्यंत उतरणारा एसडीआर किंवा लाँगवेव्ह असलेला जुना कम्युनिकेशन रिसीव्हर बरा. मध्यमलहरीची जोरदार स्टेशनं, उदाहरणार्थ सांगली आकाशवाणीचं १२५१ किलोहर्ट्झ, रिसीव्हरच्या तोंडाशी येऊन त्याला गुदमरवतात, म्हणून मधे दोनेकशे किलोहर्ट्झच्या वरचं अडवणारा लो-पास फिल्टर ठेवा.

रिसीव्हर अपर साइडबँड (यूएसबी) मोडवर १३६.७ ला लावा, म्हणजे १३७.७ चा सिग्नल १००० हर्ट्झच्या सुरावर येतो. सॅम्पलिंग ८००० ठेवा. क्यूआरएसएस-३ साठी एफएफटी (वारंवारता वेगळ्या करणारा हिशोब) ३२,७६८ चा, म्हणजे ०.२४ हर्ट्झची बारकाई. क्यूआरएसएस-३० साठी २,६२,१४४, म्हणजे ०.०३ हर्ट्झ. आर्गो नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे वेग बटणावर तयार मिळतात, नवीन माणसाने तेच घ्यावं. ब्राइटनेस कमी ठेवा, पार्श्वभूमी जेमतेम दिसेल इतकी. भडक पडद्यावर बारीक रेघ हरवते.

पट्ट्याच्या खाली १३५.४३ वर हंगेरीचं आणि वर १३८.८३ वर जर्मनीचं, वीजपुरवठा नियंत्रणासाठी चालणारं शक्तिशाली केंद्र आहे. ही दोन दिसतात का ते आधी बघा. ती दिसली नाहीत तर युरोपातल्या एका वॉटच्या हौशी सिग्नलची वाट बघण्यात अर्थ नाही, झोपा. हिवाळ्यात युरोपापर्यंतचा सगळा रस्ता अंधारात असतो तो आपल्या रात्री दहापासून सकाळी साडेसहापर्यंत. जपानच्या बाजूला संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. कोऱ्या रात्री जास्त असतात, हे आधीच मनाशी धरा.

हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी. साखर कारखान्यांचं गाळप जोरात असतं तेव्हा आकाश शांत असतं. एप्रिल-मेमध्ये वळिवाच्या विजांनी पडदा उभ्या पांढऱ्या रेघांनी भरून जातो आणि त्या काळात टेरेसवरची केबल मी काढूनच ठेवतो. तुम्हीही काढा. जानेवारीत जमलं तर पन्हाळ्याच्या पुढे मसाई पठारावर गाडीच्या बॅटरीवर एक रात्र काढा. गावापासून लांब, विजेची तार जवळ नाही अशा ठिकाणी तोच लूप वेगळाच वागतो. दव फार पडतं, लॅपटॉपवर टॉवेल टाका.

पाठवायचं असेल तर

परवान्याच्या अनुसूचीत जो पट्टा आणि जी शक्ती लिहिली आहे तेवढंच. १३६ लिहिलेलं नसेल तर तिथं फक्त ऐकायचं.

हातकाम शिकायला १०.१४० मेगाहर्ट्झ उत्तम. त्याच्या आजूबाजूच्या शंभर हर्ट्झमध्ये जगभरचे सावकाश मोर्सवाले दाटीवाटीने असतात. तुमच्या अनुसूचीत १०.१ ते १०.१५ असेल तर आर्ड्युइनो (प्रोग्रॅम करायचा छोटा बोर्ड), वारंवारता तयार करणारा एसआय५३५१ चा बोर्ड, बीएस१७० ट्रान्झिस्टर आणि पुढे लो-पास फिल्टर एवढ्यात दोनशे मिलिवॉट मिळतात. फिल्टर वगळू नका, चौकोनी लहरीचे गुणक भलत्याच पट्ट्यांत जातात. इथं दशलक्षात एकचा फरक म्हणजे दहा हर्ट्झ, म्हणून बोर्ड थर्माकोलच्या डब्यात ठेवा आणि तासभर तापू द्या. टिंब-रेघ चालू-बंद करण्यापेक्षा पाच हर्ट्झने वर-खाली सरकवली तर वाचायला सोपी जाते. डीएफसीडब्ल्यू प्रकारात तर टिंब आणि रेघ सारख्याच लांबीची असतात, रेघ फक्त जरा वरच्या वारंवारतेवर. 'व्हीयू३' ला लागणारा वेळ त्यात निम्म्याहून कमी होतो.

लाँगवेव्हवर पाठवणं किती कठीण ते आकड्यांतून समजून घ्या. १३७ किलोहर्ट्झची तरंगलांबी सुमारे २२०० मीटर. १० मीटर उभी तार आणि वर ३० मीटर आडवी तार घेतली तर तिचा विकिरण रोध, म्हणजे हवेत जाणाऱ्या शक्तीचा वाटा दाखवणारा रोध, ०.०३ ओहमच्या आसपास, आणि जमिनीतला तोटा सहज ५० ओहम. शंभर वॉट दिले की हवेत जातात पन्नास-साठ मिलिवॉट, बाकी सगळी उष्णता. कपॅसिटी सुमारे २१० पिकोफॅरॅड, म्हणून ट्यून करायला साडेसहा मिलिहेन्रीच्या जवळची कॉइल लागते. एक अँपिअर वाहिला की तारेच्या टोकाशी साडेपाच हजार व्होल्ट. हे व्होल्टेज ओल्या भिंतीवरून, झाडाच्या फांदीवरून रस्ता काढतं आणि माणसालाही भाजतं. ज्या टेरेसवर मुलं पतंग उडवतात, कपडे वाळत घालतात, तिथं हे उभं करायचं नाही. मोकळं शेत, कुंपण, आणि मुख्य स्विचला कुलूप लावूनच.

नोंदी ठेवताना वेळ जागतिक वेळेत लिहा, आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करून. रात्री दोन वाजताची नोंद आदल्या तारखेत जाते, ते विसरू नका. पडद्याचं चित्र दर अर्ध्या तासाला आपोआप साठवायची सोय आर्गोत आहे, ती लावून ठेवा. चित्राच्या नावात रिसीव्हरची डायल वारंवारता आणि लूपची दिशा घाला. सकाळी दुकान उघडायच्या आधी ती चित्रं एकामागून एक बघा, मोठी करून, खालच्या कडेपासून.